गोंधळाच्या चाली

९ जानेवारी

पैज लागली. भाऊजी जिंकले तर मी इथेच थांबायचं आणि गुमान दहावीला बसायचं. मी जिंकले तर फेब्रुवारीच्या शेवटी प्रदर्शनाच्या ट्रकबरोबर निघायचं आणि कुणी तोंड वाकडं करायचं नाही. साक्षीदार ताई. ती गाडीच्या सीटची कव्हरं शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "ठीक."

प्रदर्शन म्हणजे एक ट्रक, दोन तंबू, आत वाकडे आरसे, चुंबकं आणि एक सांगाडा. गावोगाव फिरतं. मला दिव्यांचं काम देतायत. त्यांच्या वायरमनने विचारलं, "शिक्षण काय?" म्हटलं, "दोनदा शॉक बसलाय." तो म्हणाला, "ये मग."

खेळ भाऊजींच्या जुन्या कॉम्प्युटरवरचा. त्यांची एक चाल, माझी एक चाल. सुरुवातीला एक गाव आणि भाला धरलेला एक माणूस, शेवटी अंतराळयान. ज्याचं यान आधी उडेल तो जिंकला. नियम भाऊजींनीच केला — झालेली चाल मागे घ्यायची नाही. हे त्यांनी बोट वर करून सांगितलं. भाऊजी बाटल्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात उत्पादनाचे साहेब आहेत, बोट वर केल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही.

१० जानेवारी

त्यांच्या शहरांची नावं: केंद्र-१, केंद्र-२, केंद्र-३. माझ्या शहरांची: बघू, उशीर, चप्पल.

"ही काय नावं झाली?"

"तुमची काय झाली?"

ताई हसली. मशीन थांबलं नाही, पण हसली.

१४ जानेवारी

आज राज्यव्यवस्थेवर भाषण ऐकलं. भाऊजी म्हणतात, एक व्यवस्था निवडायची आणि तिच्या डोक्यावर बसून उत्पादन काढायचं. त्यांनी राजेशाही घेतलीय. शहरात शिपाई उभे केले की लोक गप्प राहतात, खाणी चालतात, भट्ट्या चालतात. "स्थैर्य, भिंगरी, स्थैर्य." मला घरात सगळे भिंगरी म्हणतात. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे माणसागणिक बदलतं.

मी पण राजेशाही घेतली होती, पण कंटाळा आला. मग गणराज्य केलं. व्यापार वाढला, पण शिपाई वेशीबाहेर गेले की लोक कुरकुरतात. मग परत राजेशाही. प्रत्येक बदलाला मधे काही चाली गोंधळाच्या जातात — जुनं सरकार गेलेलं, नवं आलेलं नाही. कर नाही, उत्पादन नाही, सगळे हात चोळत बसलेले. भाऊजींना बघवत नव्हतं. "अगं, आख्ख्या देशाची शिफ्ट वाया घालवलीस!"

मला ते दिवस ओळखीचे वाटले. एक काम सुटल्यावर दुसरं लागेपर्यंत मी अशीच असते. फोटो स्टुडिओ सुटला आणि बोटीवरचं स्वयंपाकघर मिळालं, त्याच्या मधे मी पोहायला शिकले. ते कुठल्या उत्पादनात धरायचं?

१५ जानेवारी

चाल नाही. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला घेतला, त्यात दुपार गेली. मग वायसर आणायला गेले, तिथे एक माणूस दुकानाची पाटी रंगवत होता, ते बघत उभी राहिले. 'र' चुकवला त्याने. मी सांगितलं. मग त्याने ब्रश माझ्या हातात दिला. नळ अजून गळतोय.

२० जानेवारी

मोठा घोळ. माझं एक जहाज नवा किनारा शोधत होतं आणि मी त्याच्या मागे लागले. काय काय सापडलं — हत्ती, सोनं, एक रिकामं बेट. तेवढ्यात 'बघू' शहराला मी पूर्वी कधीतरी मालाच्या बैलगाड्या बनवायला सांगितलं होतं, ते विसरले. ते बिचारं बनवतच राहिलं. आज उघडून पाहिलं तर वेशीबाहेर बैलगाड्यांची रांग. शहराला तटबंदी नाही, धान्यकोठार नाही, फक्त गाड्या.

भाऊजी इतके हसले की चहा नाकात गेला. "राजधानी आहे की गाडीतळ?" मग लगेच मास्तर झाले. म्हणाले, "हेच तुझं दहावीत झालं. पेपर गणिताचा आणि तू खिडकीबाहेरच्या विटा मोजत होतीस."

विटा नव्हत्या. गवंडी होता. तो कमान बांधत होता आणि मधला दगड बसेपर्यंत ती उभी कशी राहते, ते मला बघायचं होतं. पण हे त्यांना कशाला सांगू.

२२ जानेवारी

खेळाची मदतीची पानं ताईने उघडून ठेवली होती, पुसताना चुकून म्हणे. तिथे वाचलं: मालाची गाडी एखाद्या महाकामात रिकामी केली की तिचा निम्मा-अर्धा नाही, सगळा माल त्या कामाला लागतो.

भाऊजी केंद्र-२ मध्ये वेधशाळा उभारत होते. किती दिवस चाललं होतं त्यांचं. मी सगळ्या गाड्या 'उशीर'ला हाकल्या आणि एका चालीत वेधशाळा पूर्ण केली. जगात एकच बांधता येते. त्यांचे जमवलेले दगड शेवटी धान्यकोठारात गेले.

भाऊजींनी बोट वर केलं. "हे नियोजन नाही," म्हणाले.

"वेधशाळा तर आहे ना?"

आज मला फार बरं वाटतंय. मुद्दाम लिहून ठेवते.

२९ जानेवारी

जेवताना परत तेच. "भिंगरी, हे मी माझ्यासाठी करत नाहीये. तुझ्या ताईची इच्छा आहे. दोघींपैकी एकीने तरी दहावी व्हावं." भाऊजी वाईट माणूस नाहीत. ते आरडाओरडा करत नाहीत, मला जेवायला घालतात, माझे बूट स्वतः जाऊन शिवून आणतात. पण ताईची इच्छा नेहमी त्यांच्या तोंडून का येते?

नंतर ताईला विचारलं, "तुझी इच्छा आहे?"

"दोरा दे."

"ताई."

"निळा नाही, काळा."

आई गेली तेव्हा ताई नववीत होती आणि मी चालायला शिकत होते. शाळा ताईने सोडली. मला सांभाळायला कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी कोण, यावर घरात चर्चा झाली नसावी. म्हणून तिने मागितलं तर मी नाही म्हणू शकणार नाही. म्हणून तर मला जिंकायचंय — तिने मागायच्या आत.

४ फेब्रुवारी

भाऊजींनी हुकूमशाही आणली. बदलाच्या गोंधळाच्या चाली त्यांनी आधीच हिशोबात धरल्या होत्या, कोठारं भरून ठेवली होती. आता त्यांचे कारखाने आग ओकतायत. यानाचा सांगाडा सुरूसुद्धा झाला. माझ्याकडे लोकशाही आहे, विज्ञान त्यांच्यापेक्षा पुढे आहे, पण यान कागदावर. शोध लागलेत, लोखंड नाही.

हरणार नाही मी.

१० फेब्रुवारी

कारखान्यात मोठी ऑर्डर आली. भाऊजींना आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत आणि वर ओव्हरटाइम. घरी येतात ते झोपायलाच. मी म्हटलं, "मग डाव थांबवा." म्हणाले, "उत्पादन थांबत नसतं. माझ्या चाली तुझी ताई खेळेल, मी फोनवर सांगतो."

ताई म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायचं काही नाही. सांगेन ते दाबायचं."

दुपारच्या सुट्टीत फोन आला. स्पीकरवर मागे यंत्रांचा खडखडाट. "केंद्र-३ ला वीजघर. केंद्र-५ ला यानाचा भाग. राज्यव्यवस्थेच्या पानाला हात लावायचा नाही." ताईने ओठात टाचण्या धरून सगळं बरोबर दाबलं. माझ्यापेक्षा भराभर. शिवणाऱ्या बोटांना माऊस म्हणजे काय.

१३ फेब्रुवारी

फोन आला: "केंद्र-४ मधले शिपाई सीमेवर पाठव." पाठवले. पुढच्या चालीला केंद्र-४ पेटलं. पडद्यावर छोटी माणसं मुठी वर करून उभी, कारखाना बंद.

ताई त्यांच्याकडे बराच वेळ बघत होती. मग मला म्हणाली, "हे का चिडलेत?"

मी तिची शत्रू, मी कशाला सांगू? पण सांगितलं. "कामाला जुंपलेत, शिपाई आहेत तोवर गप्प. शिपाई गेले की उठतात."

"यांना कुणी विचारत नाही?"

"हुकूमशाहीत नाही."

"आणि तुझ्याकडे?"

"माझ्याकडे सारखं विचारावं लागतं. वैताग आहे नुसता."

"हं," म्हणाली, आणि मदतीची पानं वाचायला लागली. कव्हरांचा गठ्ठा तसाच पडून. मी जेवण केलं. करपलं. मी मधे खिडकीत बसलेल्या पारव्याकडे बघत होते.

१८ फेब्रुवारी

भाऊजींच्या यानाचे दोनच भाग उरलेत, माझं कितीतरी मागे. ट्रकवाल्याचा फोन आला, तंबू उतरवायला सुरुवात केलीय म्हणे. मी म्हटलं, "मी येतेय." म्हटलं खरं.

२१ फेब्रुवारी

काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या माझा माझ्यावरच विश्वास बसायचा नाही.

दुपारी फोन आला. भाऊजींनी पाठ केल्यासारखं सांगितलं — केंद्र-१ इंजिन, केंद्र-५ इंधनटाकी, चाल संपव. ताई "हो" म्हणाली. फोन ठेवला. मग राज्यव्यवस्थेचं पान उघडलं आणि लोकशाही निवडली.

मी म्हटलं, "ताई, मधे गोंधळाच्या चाली येतील. सगळं थांबेल."

"वाचलंय मी."

"तू हरशील."

"मी कुठे खेळतेय? मी सांगितलेलं दाबतेय ना?" आणि दाबलं. सगळे कारखाने थांबले. केंद्र-४ मधली माणसं मात्र मुठी खाली करून उभी राहिली. ताईने चहा केला, तिघांचा, मग आठवलं की दोघीच आहोत.

संध्याकाळी भाऊजी आले, बूट न काढता पडद्यासमोर उभे राहिले.

"हे काय केलंस? आपण जिंकत होतो."

"आपण कोण?"

"म्हणजे... मी तुझ्यासाठीच—"

"मला विचारलं होतंत?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी शिकवलं असणार म्हणून. मी हात वर केले. मग म्हणाले, "चुकून दाबलं गेलंय. कालचा साठवलेला डाव उघडू."

मी उठून त्यांच्या आणि कॉम्प्युटरच्या मधे उभी राहिले. "झालेली चाल मागे घ्यायची नाही. नियम कुणाचा?"

"भिंगरी, बाजूला हो."

"नाही होणार."

आत मशीन सुरू झालं. त्या आवाजात ताई म्हणाली, "आणि चुकून नाही दाबलं. समजून दाबलंय."

भाऊजी खाली बसले आणि बूट काढायला लागले. एकच काढला. दुसरा पायात तसाच, बराच वेळ.

२२ फेब्रुवारी

सगळी शहरं यानाच्या कामाला लावली. बघू, उशीर, चप्पल — सगळी. आज एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही. मी मन लावून काम करू शकते. करायचं नसतं एवढंच.

२६ फेब्रुवारी

माझं यान उडालं. भाऊजींची नवी लोकशाही नुकतीच उभी राहत होती, त्यांचं इंजिन एका चालीने राहिलं.

भाऊजींनी हात पुढे केला. माणूस दिलदार आहे, हे लिहायलाच हवं. "जा," म्हणाले. "ट्रकमध्ये पुढे बसू नकोस, ड्रायव्हर लोक बडबड फार करतात." आणि वर, "तुझ्या ताईला वाईट वाटेल."

मी म्हटलं, "तिलाच विचारा ना."

त्यांनी खरंच विचारायला तोंड उघडलं. ताई बाजारात गेली होती.

२८ फेब्रुवारी

ट्रक सकाळी गेला. मी गेले नाही.

परवा ताई बाजारातून आली नव्हती, शाळेतून आली होती. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांत नाव घालून आली. माझं नाही, स्वतःचं. "इच्छा माझी होती," म्हणाली, "म्हणजे मी बसायची." इतके दिवस भाऊजी समजत होते की ती माझ्याबद्दल आहे. मीही.

ती आत भूमितीचं पुस्तक घेऊन बसलीय, भाऊजी तिला कंपास शोधून देतायत. तिची परीक्षा होईपर्यंत सीटची कव्हरं मी शिवतेय. वाकडी येतायत. येऊ देत.