घाटाची गाडी

बाबा, काल आमच्या हँगरमध्ये नवं विमान आलं. या जातीचं आमच्या कंपनीतलं हे पहिलंच. तेवढीच माणसं, तेवढाच लांबचा पल्ला, पण इंधन जुन्या विमानापेक्षा कितीतरी कमी, म्हणून सगळा गाजावाजा. इंजिनांची देखभाल माझ्या गटाकडे आहे, त्यामुळे मला पुढच्या रांगेत खुर्ची होती आणि अंगावर आईची ती जांभळी पैठणी. झेंडूचा हार घालायला शिडी आणावी लागली. नारळ विमानाच्या नाकावर फोडायचा म्हणून भटजी हटून बसले होते, शेवटी आम्ही त्यांना कसंबसं पुढच्या चाकाजवळच्या फरशीपर्यंत खाली आणलं. तुम्ही असता तर हसून हसून तुम्हाला ठसका लागला असता. मग विमान घेऊन आलेल्या वैमानिकाने वार्ताहरांना समजावून सांगितलं, की उतरायचं असलं की आम्ही फार दुरूनच इंजिनांचा जोर काढून घेतो, ती नुसती मंद चालू राहतात, आणि जमेल तितकं पुन्हा जोर न देता खाली येतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तुमचा उजवा पाय दिसला, टायरच्या सोलाची चप्पल घातलेला, ॲक्सिलरेटरवरून उचललेला, आणि मला तिथे बसवेना. घरी आल्यापासून हे लिहितेय.

तुमच्या कारखान्यातही दसऱ्याला अशीच पूजा असायची. महाडच्या गॅरेजमध्ये सगळ्या गाड्या धुऊन ओळीत उभ्या, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं, आणि ड्रायव्हरांची बायकापोरं नव्या कपड्यांत. गॅरेजच्या दारावर तो काळा फळा. कुठली गाडी लिटरला किती चालली ते त्यावर महिन्याच्या महिन्याला खडूने लिहिलेलं असे, आणि घाटाची गाडी असूनही तुमचं नाव वरून पहिलं. कापडे गावाच्या वरच्या वाड्यांतून कामगार गोळा करायचे, आंबेनळी घाटाची वळणं उतरायची, पोलादपूर मागे टाकून महाडला भोंग्याच्या आत पोचायचं, आणि तरी डिझेल सपाटीवरच्या गाडीपेक्षा कमी. आमच्या आळीतल्या पोरांना ते सहन व्हायचं नाही. त्यांचेही बाप ड्रायव्हरच. खरा ड्रायव्हर घाट न्यूट्रलमध्ये उतरवतो, माझा बाप उतरवतो, तुझ्या बापाची छातीच नाही, असं एकेक जण मला ऐकवायचा. मी तुमच्या गाडीत घाटात कधी बसलेली नव्हते. कामगारांच्या गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, हा नियम तुम्ही मी रडले तरी मोडला नाहीत.

बक्षिसाच्या त्या दसऱ्याला मी सातवीत आहे. साहेबांनी तुम्हाला बक्षिसाचा कुकर दिलाय, आईने तो खोक्यासकट पोटाशी धरलाय. साहेब माझा गाल ओढून सगळ्यांदेखत विचारतात, "काय गं, तुझे बाबा एवढं डिझेल वाचवतात तरी कसं?" समोर ती आळीतली पोरं उभी आहेत. मी मान ताठ करून सांगते, "बाबा अख्खा घाट न्यूट्रलमध्ये उतरवतात. मी बघितलंय." मला वाटलं, आता पोरांची तोंडं बंद होतील. ती झालीच, पण मोठ्यांचीही झाली. साहेबांचा हात माझ्या गालावरून निघाला. तुम्ही पुढे येऊन म्हणालात, "साहेब, पोर हाय. ऐकीव बोलली. मी गिअर कधी सोडला नाय." साहेब म्हणाले, "लहान मुलं खोटं बोलत नसतात." न्यूट्रलमध्ये गाडी नुसत्या ब्रेकवर राहते, आणि प्रश्न पन्नास माणसं खाली उतरवणाऱ्या गाडीचा होता. घाटाची गाडी त्यांनी तुमच्याकडून काढली. त्यांच्या जागी आज मी असते, तर मीही दुसरं काही केलं नसतं.

घरी आईने भाकरीचा उंडा परातीत आपटला आणि माझ्यावर हात उगारला. तुम्ही तो वरच्यावर धरलात. "तिला कशाला मारतेस? तिनं बापाचं कौतुकच केलं ना?" मग चुलीपाशी माझ्यासमोर उकिडवे बसून तुम्ही अगदी हळू विचारलंत, "बाय, कोनी सांगितलं गो तुला असं बोलायला?"

इथे मी जे केलं ते तुम्हाला ठाऊक नाही, बाबा. असं बोल म्हणून मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. पोरांची नावं घ्यावीत तर त्यांच्या बापांशी तुमचं भांडण होईल असं वाटलं. मग मी काकांचं नाव घेतलं. तुमचे जोडीदार काका, दोन घरं सोडून राहणारे, तुमच्याबरोबरच कारखान्यात लागलेले, मला गोळ्या आणून देणारे. काकांचं नाव ऐकलं की तुम्ही हसाल आणि प्रकरण तिथेच मिटेल, एवढाच माझा हिशेब होता. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही उठलात आणि मोरीवर जाऊन पाय धुवत राहिलात, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कुकर परत करून आलात. ज्या कामाचं बक्षीस त्या कामावरच संशय, मग भांडं ठेवून काय करायचं, असं आईला म्हणालात. चारच दिवसांत घाटाची गाडी काकांना मिळाली, कारण नोकरीत तुमच्याखालोखाल तेच होते. गाडीसाठी काकांनीच पोरीला पढवलं, हा तुमच्या मनातला अर्धा संशय पुरा झाला. तुम्हाला दासगावच्या सपाट रस्त्यावर पाण्याचा टँकर दिला, आणि निवृत्त होईपर्यंत तुम्ही तोच चालवलात. काकांशी एक शब्द बोलला नाहीत. ते सुरुवातीला दारात येऊन उभे राहायचे, "अरे, माझं चुकलं काय ते तरी सांग," म्हणायचे. तुम्ही पेपर वर धरायचात. आई आणि काकू तुमची पाठ वळली की नळावर बोलून घ्यायच्या.

मला तुम्ही कधीच टाकून बोलला नाहीत, हेच मला जड गेलं. उलट उन्हाळ्याच्या सुट्टीत टँकरमध्ये शेजारी बसवायचात. सावित्रीच्या कडेचा तो एवढासा उतार आला की पाय उचलून दाखवायचात. "हे बघ, लांबूनच पाय काढायचा. उतारच गाडीला नेतो. ब्रेक लावायची पाळी आली म्हंजे आपन आधी डिझेल उगाच जाळलं. पन गिअर सोडायचा नाय. सोडला की गाडी आपली राहत नाय." मी मान डोलवायचे. पुढे कॉलेजात इंजिनाच्या तासाला सरांनी सांगितलं, की उतारावर गिअरमध्ये असलेलं इंजिन चाकंच फिरवतात, तेव्हा ते जवळजवळ काहीच पीत नाही, आणि न्यूट्रलमध्ये टाकलं तर जिवंत राहायलाच त्याला डिझेल लागतं. म्हणजे मी थापही धड मारली नव्हती. तुम्ही न्यूट्रल केलं असतंत तर फळ्यावर पहिले आलाच नसतात! साहेबांना हे कुणीतरी दोन मिनिटांत समजावायला हवं होतं. मी त्या सुट्टीत घरी आले, तुम्ही अंगणात दोरी वळत होतात, मी तुमच्याजवळ बसले आणि परीक्षेचं बोलून उठले.

तुम्ही गेलात तेव्हा काका आले होते. गर्दीत न मिसळता रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. तेराव्याला सगळे पांगल्यावर त्यांनी मला गाठलं. डोळे लाल, हातात टोपी. "बाय, तुझा बाप माझ्याशी का बोलत नव्हता, तुला ठाव हाय काय गो? मला मरायच्या आधी कळाया हवं." मी म्हणाले, "नाही काका."

मी तेव्हा लहान नव्हते, बाबा. मला स्वतःची मुलं होती, हाताखाली माणसं होती. कुठल्याही इंजिनाबद्दल कागदावर खोटी सही मी आयुष्यात केलेली नाही, हे मी नव्या पोरांना मोठ्या तोऱ्यात सांगते.

काका अजून आहेत. पोलादपूरला मुलाकडे असतात, ऐकू कमी येतं, डोकं मात्र साफ आहे म्हणतात. हे पत्र तुमच्याकडे पोचायचं नाही, म्हणूनच एवढं सरळ लिहिता आलं. मुंबईहून पोलादपूर सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला गाठता येतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी अजून गेलेली नाही. त्यांना ऐकू येत नाही तर मोठ्याने बोलावं लागेल, घरातले सगळे ऐकतील, या भीतीने.