हॉस्पिटलला जायचा निळा सूट

४ मार्च
नाश्त्याला ओझेलाच्या हातून कप पडला. तोंड एका बाजूला ओघळलं. म्हटलं, "ऊठ, गाडीत बस!" तर बाईसाहेबांची जीभ जड, पण हुकूम तोच — "अशी? गाऊनवर? माझा निळा सूट काढ!" चर्चचा सूट. मोत्यांची माळ. वर हॅट! "लायमन, काळी बाई चुरगळलेल्या कपड्यांत गेली की तिला कुणी माणसात धरत नाही." तिच्या आईनेही तिला हेच शिकवलेलं. तीन लाँड्र्यांचा मालक मी, अर्ध्या गावाच्या कपड्यांना इस्त्री करतो — आणि घरी बायकोची बटणं लावत बसलो.

५ मार्च
डॉक्टर म्हणाला, "मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध वेळेत द्यावं लागतं. उशीर केलात." आम्ही केला? काल कोल्ड्रिंकच्या मशीनशेजारच्या बाकड्यावर दुपार होईपर्यंत कुणी बसवलं? पडद्यामागचं बोलणं माझ्या कानांनी ऐकलं — "ती हॅटवाली? थांबू दे. एवढी नटून आलीय, म्हणजे विशेष काही नसणार!"

७ मार्च
ओझेला गेली.

११ मार्च
मातीनंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण. डीकन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ब्रदर लायमन, देवाची इच्छा."
"देवाला मध्ये घेऊ नका, डीकन. तो त्या दिवशी ड्युटीवर नव्हता."
बायका हसू दाबत केक कापत राहिल्या. त्यांतल्या निम्म्या विधवा. बहुतेकींचे नवरे असेच गेले — एकाएकी तोंड वाकडं, मग बाकडं.

१४ मार्च
दुकानात प्रूइट आला, शर्ट न्यायला. गोरा, माझ्याच वयाचा. ख्रिसमसला त्यालाही हाच झटका आलेला. आता काठीसुद्धा नाही! "अरे लायमन, मी तर बनियनवर गेलो! बायको ओरडतेय, पँट तरी घाला! आणि हॉस्पिटलवाले मला थेट आत घेऊन पळाले!" पोट धरून हसला. मीही हसलो. गिऱ्हाईकासमोर हसायची सवय.
मनात ठरवलं — माझी पाळी आली, तर बनियनवर. एक बटणसुद्धा लावायचं नाही.

२ एप्रिल
डाव्या हाताने लिहितोय. काल दुकानात उजवा हात लुळा पडला, जीभही जड. घामट बनियनवर तसाच पोचलो. नर्स वाकली, वास घेतला. "आजोबा, सकाळी सकाळीच? किती घेतलीत?"
बसवलं. मशीनशेजारी. तेच बाकडं.