अण्णाचा आवाज

३ नोव्हें., सोम.
सकाळी अण्णा आला. ऑपरेशनला सहा महिने झाले. कॅन्सरमुळे स्वरयंत्रच काढलंय. गळ्याला भोक, त्यावर पांढरा रुमाल. खिशातून वही काढून लिहिलं : "बुधवारपासून रामकुंडावर ये. विधी मी करतो, मंत्र तू म्हण."
म्हटलं, मी सगळं सोडलंय, तुला माहितीये. बायको, सुमी, गेल्यापासून नऊ वर्षांत हात जोडले नाहीत. जानवंही नाही गळ्यात.
लिहिलं : "पाठ आहे ना?"
पाठ आहे. लहानपणी काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, आम्हा दोघा चुलतभावांना एकाच पाटावर बसवून शिकवलं. तो कुंडावर गेला, मी पाटबंधारे खात्यात.
नाही म्हणालो. दारापर्यंत सोडायला गेलो तर वहिनी रिक्षात बसलेल्या. म्हणाल्या, "भावजी, घरी बसवत नाही हो त्यांना."

५ नोव्हें., बुध.
गेलो. अण्णासाठी, देवासाठी नाही. हे इथे लिहून ठेवतो.
दिंडोरीचे द्राक्षबागवाले, वडिलांचा दहावा. दोनदा अडखळलो. अण्णा समोर बसून हाताने स्वर दाखवत होता, वर, खाली. बोट वर गेलं की पुढचा शब्द आपोआप यायचा. घाई केली तेव्हा वही पुढे : "मनमाड पॅसेंजरनं चल. एक्सप्रेस नको."
शेतकरी जाताना म्हणाला, "लय शांत वाटलं, गुरुजी." मला! मी अण्णाकडे बोट दाखवलं.

८ नोव्हें., शनि.
मालेगावकडची एक बाई, एकटीच, अस्थी घेऊन. कोण तुमचे, विचारलं. "मन्हा भाऊ शे." पुढे नाव विचारलं तर तोंडातून शब्दच फुटेना. मागे तीन कुटुंबं ताटकळलेली. एकजण म्हणाला, "बाईमाणसाच्या हातून कसं?" अण्णानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. बाईसमोर मांडी घालून बसला, गळ्यावरचा रुमाल बाजूला करून भोक दाखवलं, मग स्वतःकडे बोट केलं. मलाही बोलता येत नाही, असं. ती बघत राहिली. दहा-बारा मिनिटं दोघं नुसतेच बसलेले. मग तिनं नाव सांगितलं.
विधी तिच्याच हातून झाला. असला गुरुजी मी पाहिला नाही. इतकी वर्षं मी त्याला पोथीतला माणूस समजत होतो.

१२ नोव्हें., बुध.
चहा घेताना विचारलं, तुला राग येत नाही देवाचा? जन्मभर त्याचं नाव घेतलंस आणि त्यानं घसाच घेतला.
बराच वेळ लिहीत होता. "आला ना. महिनाभर अबोला धरला. मग लक्षात आलं, मला बोलताच येत नाही, त्याला अबोला कळणार कसा?" आणि हसला. आवाज नाही, फक्त खांदे गदगदत होते. मीही हसलो. डोळे पुसावे लागले.
पाण्यात उतरायची त्याला बंदी. काठावर उभा राहून ओंजळभर पाणी पायांवर घेतो, रोज, न चुकता.

१७ नोव्हें., सोम.
आज वहिनी बोलून गेल्या. सुमीच्या दहाव्याला मी अर्ध्यातून उठून गेलो होतो. पुढचा विधी अण्णानं पुरा केला, एवढं ठाऊक होतं. पण दर वर्षी तिच्या तिथीला तोच श्राद्ध करतो. नऊ वर्षं. या वर्षी आवाजाशिवाय कसं करायचं, हा घोर लागलाय त्याला.
नंतर अण्णाला विचारलं, सांगितलं का नाहीस? "तुला त्रास झाला असता." तिथी कधी? क्षणात लिहिलं : "मार्गशीर्ष वद्य पंचमी." मला आठवत नव्हती.

९ डिसें., मंगळ.
पहाटे जानवं घातलं. अण्णानंच आणून दिलं होतं, न लिहिता, न विचारता. यजमान मी, मंत्रही मीच. तिचं नाव घेताना थांबलो. अण्णानं घाई केली नाही. थंडीनं कुडकुडत बसला होता, तरी हात वर धरलेलाच, पुढचा स्वर दाखवायला. घेतलं नाव. पूर्ण म्हटलं सगळं.
घरी येऊन संध्येला बसलो. जमली, जवळजवळ.
दुपारी केतकीचा पुण्याहून फोन. काकूनं सांगितलं म्हणे.
"बाबा, देव मानायला लागलात पुन्हा?"
"माहीत नाही गं."
"आई गेल्याचा राग गेला मनातून?"
"नाही. पण इतकी वर्षं तो नाहीच म्हणून गप्प होतो. आज त्याला तोंडावर विचारलं, तिला का नेलंस."
"मग?"
"मग काय. उद्या परत विचारणार."
ती म्हणाली, शनिवारी येते.