नॅनीने विचारलेली वाई

१२ मार्च, बुध.
लोअर हटहून निघालो क्राइस्टचर्चला, जॉबसाठी. म्हणजे दक्षिणेला. पोचलो उत्तरेला, व्हांगानुई नदीवर. कारण डेअरीत (म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात) आइस्क्रीम घेताना दोस्त राविरी भेटला. आजीच्या गावी ईल, म्हणजे वाम मासे, पकडायला चाललेला, हात कमी पडतायत म्हणाला. म्हटलं, हे घे दोन.
आईचा फोन. "निघालास का रे क्राइस्टचर्चला?" "उद्या."

१३ मार्च
जंगल नुसतं ठिबकतंय. नेचे माडाएवढे. राविरीची आजी (सगळे नॅनीच म्हणतात) दारातच म्हणाली, "को वाई कोए?"
मी उडालोच! "हो, वाई! माझं आजोळ! तुम्हाला कसं कळलं?"
राविरी हसून आडवा. "ब्रो, तू कोण, असं विचारतेय ती." त्यांच्या भाषेत वाई म्हणजे 'कोण', आणि पाणीसुद्धा. ज्या पाण्याचा तू, तो तू.
नॅनी : "तुझी वाई नदीकाठी आहे?"
"कृष्णेच्या."
"मग बरोबरच बोललास की."
पण अट. परवा सगळ्यांसमोर उभं राहून आपला डोंगर, आपली नदी सांगायची. तरच होडीत जागा.
होडीत तर जायचंच आहे.

१४ मार्च
रेंजसाठी टेकडी चढलो. आईला विचारलं, आपला डोंगर कोणता गं?
"कामधंदा सोडून डोंगर कसले? ...पांडवगड असेल." मग थांबेचना. घाटावरच्या उड्या, आजोबांनी पाठीला डबा बांधून शिकवलेलं पोहणं, ओल्या परकरापायी खाल्लेला मार. जॉबचं विचारायचंच विसरली. स्वीट अ‍ॅज! (राविरीचं 'झकास'.)

१५ मार्च, शनि.
बोललो. पांडवगड, कृष्णा, आजोबांचं नाव. बसणार तेवढ्यात नॅनी : "तिच्यात पोहलास कधी?"
थाप तयार होती तोंडात. "नाही. गाडीच्या काचेतून पाहिलीय."
संपलं, म्हटलं.
नॅनी : "बिचारी नदी. वाट बघत असेल तुझी. तोवर आमच्या हिच्यात उतर. त्या जंडल्स चपला काढ."
होडी!! वेलींच्या सापळ्यात मनगटाएवढे ईल. राविरीने पहिला परत सोडला, नदीचा म्हणून. आपल्या नैवेद्यासारखंच. दुसरा माझ्या शर्टात. मी किंचाळलो, नॅनी काठावर टाळ्या पिटतेय.
संध्याकाळी परत टेकडीवर. आईचा मेसेज : "डिसेंबरात वाईला जाऊन येऊ म्हणते. येतोस?"
"उद्या सांगतो" टाइप केलं.
खोडलं.
शर्टाला अजून ईलचा वास. आता आईला लिहितो : येतो, पाठीला बांधायला डबा शोधून ठेव.