अर्धी गोळी

३ सप्टेंबर, बुधवार
वही पोळ्याला घेतली, लिहायला आज बसलो. मधात सेलूला दोस्ताकडे, गजेंद्रकडे, दोन दिवसांसाठी गेलतो, आठ राहिलो. दोष त्याचा.
नवीन जबाबदारी. मोठेबाबांच्या, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ बबनराव यांच्या, हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात. त्यानं आत गुठळी होते, ती डोक्यात गेली की लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी. सकाळी सातला एक, संध्याकाळी सातला एक. मोठीआई माहेरी आहे, मुलगी काजल सावंगीला नर्सिंग शिकते. टाइमावर देजो, काजल म्हणाली. मी हसलो. दोनदा बी.ए. सुरू केलेल्या माणसाला दोन गोळ्या काय जड?

५ सप्टेंबर
सातची दिली. साडेनऊला.

६ सप्टेंबर
कालची संध्याकाळची राहिली. वडनेरच्या स्टँडवर एक ट्रकवाला भेटला, थेट केरळला चालला होता. आज सकाळी दोन सोबतच दिल्या. बेरीज जुळली.

७ सप्टेंबर
मोठेबाबांच्या हिरड्यांतून रक्त. ब्रश गुलाबी. शेजारच्या सुलोचनाबाई म्हणाल्या, रक्त जास्तच पातळ झालं. काजलला फोन करणार होतो, पण चार्जिंग दोन टक्के. स्वतः निर्णय घेतला. आजपासून अर्धी. ब्लेडनं सुबक कापतो. उरलेल्या अर्ध्या बरणीत.

८ सप्टेंबर
मोठेबाबांनी विचारलं, गोळी लहान काऊन झाली. नवीन कंपनी, म्हणालो. फवारणीच्या पंपात औषध झाकणानं मोजून टाकणारा माणूस, त्याची नजर बारीक.

१४ सप्टेंबर, रविवार
काजल आली नाही, परीक्षा आहे. फोनवर सांगितलं, सगळं टाइमावर. हिरड्या ठणठणीत. मी डॉक्टरच व्हायचो, बारावीचं फिजिक्स आडवं आलं.

१८ सप्टेंबर, सकाळ
मोठेबाबांच्या हातून चहाचा कप पडला. तोंड एका बाजूला. मला वाटलं सरपंचाची नक्कल करून राह्यले. हसलो. सुलोचनाबाईंनी मला बाजूला लोटून माझ्याच मोबाइलवरून १०८ ला फोन केला.

संध्याकाळ, दवाखाना
डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं म्हणून निभावलं. फोन माझाच होता.
फाइल आणायला घरी गेलेल्या काजलला बरणी सापडली. "वय, वजन, किडनी पाहून डोस ठरवलता. तू काय पाह्यलं?"
ब्रश, म्हणालो.
तिनं बरणी पर्समध्ये टाकली अन् आत मोठेबाबांकडे गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१९ सप्टेंबर
सेलू. पळालो नाही. गजेंद्रला मोबाइलच्या दुकानात माणूस पाहिजेच होता. रोज फोन करून तब्येत विचारीन.

२६ सप्टेंबर
फोन उद्यापासून.

१ ऑक्टोबर
मोठेबाबा घरी आले असं कळलं. उजवा पाय ओढतात. पत्रच लिहावं, फोनवर मन मोकळं होत नाही. चांगला कागद पाहतो.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५५
कागद आणला. "मोठेबाबा" एवढं लिहून झालं, तर गजेंद्र म्हणाला, बाहेर कोणीतरी म्हातारा आला. मोठेबाबाच. काजलच्या पाळतीतून सुटून, एसटी बदलत, एकटे. स्टुलावर बसलेत. शर्टाची बटणं खालीवर लागली आहेत.
एवढंच विचारलं, "पंपात निम्मं औषध टाकलं तर अळी मरते काय बे?"
नाई, म्हणालो.
डाव्या हातानं खिशातून गोळ्यांची डबी काढून माझ्यापुढे धरली. सात वाजून राह्यले, पाणी आण, म्हणतात.
आणतो.