धपाटे ओव्हनमध्ये

माय, आज पुन्हा धपाटे ओव्हनमध्ये घातलेत. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला राग एकदाच येऊन जाईल. पीठ मात्र तुझ्याच परातीत मळलंय, लग्नात तू दिलेल्या. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, लसूण, जिरं, तीळ, मूठभर मेथी आणि किसलेला लाल भोपळा. तुझी नात भोपळ्याची भाजी म्हटली की तोंड फिरवते, पण धपाट्यातला भोपळा तिला ओळखू येत नाही. मिरची बेताची, तेल वरून नुसतं पुसल्यासारखं. ओल्या फडक्यावर थापणं तेच, मधे बोटानं भोकं पाडणं तेच, फक्त तवा नाही. ट्रेवर सगळे एकदम मांडले, दार लावलं आणि इथं टेबलाशी येऊन लिहीत बसले. धपाटे भाजतायत आणि मी त्यांच्यापाशी नाही. तुला हे पटणार नाही, आणि न पटो. आज मी तुझी परवानगी मागत नाहीये.

भोकरचं आपलं स्वयंपाकघर मला अजून तुझ्या पाठीवरूनच आठवतं. तू चुलीकडे तोंड करून बसलेली असतेस, मागे अप्पा, काका आणि भाऊ ओळीनं जेवत असतात, आणि तू न वळताच हात मागे करून बरोबर ज्याच्या त्याच्या ताटात गरम भाकर टाकतेस. तव्यावरून ताटात. मधे भाकर गार झाली तर तुझा जीव जायचा. एकदा मला कडकडून भूक लागली होती, म्हणून मी अप्पांच्या शेजारी जाऊन बसले आणि एक तुकडा तोंडात घातला. तू मागे न बघताच ओळखलंस. "ऊठ गं. पोरीच्या जातीनं मागून बसावं. आत्ताच सवय न्हाई लागली तर सासरी लई जड जातंय." अप्पांनी पुढचा घास मोडला. घास तोंडात तसाच ठेवून मी उठले. मग सगळ्यांचं आटोपल्यावर आपण दोघी बसलो, तेव्हा टोपल्यातल्या भाकरी वातड झालेल्या. त्यातली करपलेली तू तुझ्या ताटात ओढलीस. "मला करपलेलीच गोड लागती." माझा त्यावर इतका विश्वास की पुढं कितीतरी दिवस करपलेली भाकर दिसली की मी ती हौसेनं तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचे.

लातूरला आले आणि तू शिकवलंस तसंच केलं. चुलीच्या जागी गॅस आला, बसायच्या जागी उभं राहायचं, बाकी सगळं तेच. तुझ्या जावयानं हौसेनं ओव्हन आणला होता, लेकीच्या वाढदिवसाला केक करायला. एकदा केक झाला आणि मग त्यात माझ्या कढया आणि रिकामे डबे राहायला गेले. ते तसेच राहिले असते. पण एका रविवारी लेक भातुकली मांडून बसली होती. बाहुल्यांना वाढलं, बापाला वाढलं, सगळ्यांना आग्रह झाला. तिचा बाप म्हणाला, "आता तू पण बस की." तर ही ओढणी खांद्यावरून सारखी करत म्हणते, "नाही, तुम्ही जेवून घ्या. मी मागून बसते."

ते हसले. "अगदी आईवर गेलीय," म्हणाले. मला हसू आलं नाही, माय. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तर तिला रोज सांगायचे, तू शिक, मोठी हो, कुणाला भिऊ नकोस. ती माझं ऐकत नव्हती, माझ्याकडे बघत होती. त्याच दिवशी मी ओव्हनमधल्या कढया बाहेर काढल्या.

पहिल्यांदा मधेच लाईट गेली आणि आम्ही अर्धेकच्चे धपाटे हट्टानं खाल्ले. आता हात बसलाय. कधी बटाटा-गाजराच्या फोडी, कधी कांदा-टोमॅटो घालून अंडी, कधी मेथीचे मुटके, तळण नाही. पण मला ओव्हनचं कौतुक तेवढ्यासाठी नाही. घंटी वाजते, सगळं एकदम बाहेर येतं आणि सगळे एकदम बसतो. कुणासाठी कुणी उभं नाही. एवढंच मला पाहिजे होतं.

मागच्या महिन्यात चाकूरहून मावशी आली, तुझी धाकटी बहीण. तुझ्या वाटणीचं बोलून घेतलं तिनं. "ह्येला काय सैपाक म्हणावं? पेटीत कोंडलं अन् बाई बसली गप्पा हानत. ताटात गरम पडाया बाई लागती." मी म्हटलं, "मावशी, बस." "बसा की तुमी, मी मागून..." "मागून काही उरणार नाही. बस." आवाज जरा चढलाच माझा. ती घाबरून खुर्चीच्या कडेवर टेकली. तिच्या ताटात धपाटा पडला, दही पडलं. तिनं सवयीनं मोठा तुकडा मोडला आणि तोंड पोळून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं. फुंकर मारत म्हणाली, "आगं, एवढा गरम असतोय व्हय?"

जन्मभर धपाटे थापलेली बाई हे विचारत होती. मग ती हळूहळू, फुंकून फुंकून खात राहिली, आणि पेटीला पुन्हा नाव ठेवलं नाही. मला तिच्या जागी तू पाहिजे होतीस. तुझ्यावरही मी अशीच ओरडले असते.

घंटी वाजली, आवरते. तू गेलीस, आता हे पत्र कुठं पाठवणार, परातीखाली राहील. एकच सांगायचं राहिलं. आमच्या ओव्हनची आच मागच्या कोपऱ्यात जास्त लागते, तिथला एक धपाटा हमखास करपतो. तो कुणी बघायच्या आत मी माझ्या ताटात घेते. काल लेकीनं पाहिलं. "मम्मी, तुला करपलेलाच आवडतो का?" मी हो म्हटलं. आणि आज तिनं ट्रे लावताना मला आधीच सांगून ठेवलंय, मागच्या कोपऱ्यातला कुणी घ्यायचा नाही, तो मम्मीचा.