खुरपणी कोण करतं?

पुणे, २३ जून २०२४

ती. आत्यास,
साक्षीचा जय भीम. वि. वि.

मी नीट पोचले. तुला फोनवर ऐकू येत न्हाई आणि मोबाइलवरचे मेसेज तू उघडत न्हाईस, म्हणून पोस्टानंच लिहून राह्यले. उत्तर जल्दी दे.

मम्मी गेली, तिचा जलदान विधी आटोपून आले तेव्हापासून इथलं सगळं बराबर चालू आहे. सकाळी लॅबला जाते, गावाकडून आणलेली माती चाळते. आपल्या सेंद्रिय गटातल्या बारा शेतकऱ्यांच्या बारा पिशव्या. काल आपल्या रानाची पिशवी निघाली, तीही बाकीच्यांसारखीच चाळली. मोनाली, माझी रूमवरची मैत्रीण, म्हणाली चार दिवस पडून राहा. पडून करू काय? जेवण जातं, झोप लागते. दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, तसं झालंय. बोट लावलं तर लागल्याचं कळतं, दुखत न्हाई.

सर म्हणाले, सेंद्रिय शेतीवरचा हा प्रबंध चांगला झाला तर इथल्या एका संस्थेत अर्ज कर. शेतीचं धोरण ठरवताना सरकारला सल्ला देतात ते लोक. शेतकऱ्याची पोरगी मातीतून कागदात चालली म्हणून हसू नकोस.

पप्पांना एकट्याला जेवायला बसवू नकोस. तुझा हात पाठीवर असू दे, बाकी काही मागत न्हाई.

तुझी,
साक्षी

*

टेंभेवाडी, ता. मंठा
२१ जुलै २०२४

चि. साक्षीस,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे. तेहतीस वर्षं लोकांच्या पोरांना गिरवायला लावलं आणि घरची भाची तशीच राहिली.

पाऊस बरा आहे. राजानंद जेवतो. मी रोज त्याच्यासमोर बसते. पण तो बोलत न्हाई. माझी भावजय भावना गेल्यापासून तुझ्या बापानं दहा वाक्यं बोलली असतील तर शपथ. कारभारी, आपल्या गटाचे प्रमुख, येऊन बसतात, चहा घेतात आणि उठून जातात.

पुढचं लिहू का नको, असं दोनदा झालं. पण तुझा अभ्यास त्याच्यावर आहे, म्हणून लिहिते. परवा मी आपल्या सोयाबीनमध्ये गेल्ते. दोन्ही एकरांतलं तण पिवळं पडून माना टाकून होतं. खुरपलेलं तण असं मरत न्हाई, उपटून पडतं. बांधाशी तणनाशकाचा रिकामा डबा होता. राजाला विचारलं तर त्यानं माझ्याशी बोलायच्या पाटीवर दोनच शब्द लिहिले. तण आवरेना.

मी कुणाला बोलले न्हाई. तू शिकलेली आहेस, काय करायचं ते तू सांग. जेवणाची हयगय करू नकोस. माया आहेच, ती कागदावर किती लिहायची.

तुझी आत्या,
बेबीनंदा

*

पुणे, २ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
जय भीम. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. राग येईल म्हणून वाट पाहिली. राग आला असता तर बरं झालं असतं.

नियम सरळ आहे. गटातल्या एकानं रसायन वापरलं आणि स्वतःहून सांगितलं, तर त्याचंच रान बाहेर जातं. लपवलं आणि मागून निघालं, तर बाराही जणांचा सेंद्रियचा दाखला रद्द होतो. नऊ वर्षांची मेहनत आहे ती. आणि माझ्या प्रबंधात आपलं रान सेंद्रिय म्हणून मांडलेलं आहे. एकवीस तारखेला सरांसमोर आकडे ठेवायचे आहेत. खोटं ठेवणार न्हाई. पण माझ्या तोंडून गावाला कळलं तर पप्पा मान वर करणार न्हाईत.

काल त्यांना फोन केला. त्यांनी उचलला, पाऊस आहे म्हणाले, मी बरं म्हणाले, ठेवला. विचारायचं तेवढं राहिलं. आम्ही बापलेक सारखेच झालोत.

तू मोठी बहीण आहेस. वीसच्या आत त्यांनाच सांगायला लाव. हे ओझं तुझ्यावर टाकलं, त्याबद्दल रागाव, पण दूर करू नकोस.

साक्षी

*

टेंभेवाडी, १८ ऑगस्ट २०२४

चि. साक्षीस,
आशीर्वाद. जय भीम.

काल विहारात गटाची बैठक झाली. तुझं पत्र मी राजाच्या ताटाशेजारी ठेवलं होतं. वाचून त्यानं घडी घातली, खिशात ठेवलं आणि हात धुतले. मला वाटलं, संपलं.

बैठकीत नेहमीप्रमाणे पुरुष पुढं आणि आम्ही चार बाया भिंतीला. कारभारींनी शिवारफेरीचं, एकमेकांची रानं तपासायचं बोलणं काढलं तसा राजा उठला. मला ऐकू येत न्हाई, पण भावाचे ओठ वाचता येतात. तो म्हणाला, मी तणनाशक मारलं, माझं नाव काढा. कुणीतरी विचारलं असावं, का म्हणून. तो म्हणाला, भावना होती तोवर आपल्या रानात एवढं तण येतं हेच मला माहीत न्हव्तं.

मंग कारभारींची बायको उषाबाई उठली. ती काय बोलली ते तिनं मागाहून मला पाटीवर लिहून दिलं. ती म्हणाली, राजानंदचं नाव काढा, बिलकुल काढा, पण दाखल्यावर बारा पुरुषांची नावं आहेत, त्यातल्या किती जणांनी औंदा खुरपं धरलं तेवढं सांगा.

तीन वर्षं आपलं रान बाहेर राहील. बाकीच्यांचा दाखला शाबूत आहे. घरी येऊन राजा भाकरी मागून जेवला. मला त्याचा राग न्हाई, तूही धरू नकोस.

तुझी आत्या,
बेबीनंदा

*

पुणे, ३१ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
साक्षीचा जय भीम. वि. वि.

ऑपरेशननंतर डोळा कसा आहे? लेकाकडे, मिथुनदादाकडे संभाजीनगरला असलीस तरी वाचत बसू नकोस, हे पत्रही त्यालाच वाचायला लाव आणि तू त्याचे ओठ बघ. तू गेलीस आणि दोन दिवसांनी मी गावी गेल्ते, भेट चुकली. म्हणून सगळं लिहिते.

प्रबंधात आपलं रान मी वगळलं आणि का वगळलं ते लिहिलं. उरलेल्या अकरा घरांत जाऊन बायांना खुरपणीचे दिवस विचारले, त्याचं एक प्रकरण जोडलं. संस्थेच्या मुलाखतीत त्यावरच अडलं. एक साहेब म्हणाले, हा घरगुती विषय झाला, धोरणाचा न्हाई. मी म्हटलं, सर, आमच्या घरातली एक बाई गेली आणि दोन एकरांची सेंद्रिय शेती संपली, मग हा विषय कुठला? आवाज कापला न्हाई. कुणा दुसरीचीच गोष्ट सांगावी तसं सांगितलं. त्यांनी घेतलं, वर्षाच्या करारावर. पाहणीचा फॉर्म दुरुस्त करायचं काम दिलं. त्यात बियाणं, खत, जनावरं, सगळं होतं. मी एक प्रश्न वाढवला. खुरपणी कोण करतं?

तोच फॉर्म घेऊन मंठा तालुक्यात आल्ते. पप्पा रानात खुरपत होते. उषाबाई बांधावरून ओरडत होत्या की राजानंदभाऊ, खुरपं आहे, पेन न्हाई. आठ दिवसांत अर्धा एकर झालाय म्हणे. पप्पांनी हात पुसले आणि मी परकी असल्यासारखा फॉर्म नीट वाचून भरला. माझ्या प्रश्नापुढं स्वतःचं नाव लिहिलं. मंग विचारलं, मागच्या वर्षांचं कुठं लिहायचं? मी म्हटलं, तशी जागा न्हाई, चालू हंगामाचंच विचारलंय. त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं. भावना राजानंद खरात, सन २००१ पासून.

फॉर्मची मागची बाजू ऑफिसात कुणी बघत न्हाई. मी ते नाव इतर माहितीच्या रकान्यात भरलं. काल साहेबांनी बोलावून विचारलं, ह्या बाई कोण, यांच्या नावावर जमीन दिसत न्हाई. मी म्हटलं, शेतकरी. त्यांनी नाव तसंच राहू दिलं. मी जागेवर आले, डबा उघडला. जेवले न्हाई. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मम्मी गेली, त्याला सव्वा वर्ष झालंय, आणि काल दुपारी मला पहिल्यांदा दुखलं.

डोळ्यात औषध वेळेवर घाल. येत्या रविवारी येऊन राह्यले, जागा धरून ठेव.

तुझीच,
साक्षी